शततारकेखालचे तीन मंद शेजारी

तेजस्वी तारा जवळचा व अंधूक तारा दूरचा, अशी मुलांची समजूत असते. ती दिव्यांच्या रोजच्या अनुभवातून झालेली असल्याने सहजी सुटत नाही; आणि शिक्षकाने पाठ घाईने उरकला तर ती जन्मभर टिकते. ती दूर करण्यास कुंभ राशीतील एका तारकात्रयीचा चांगला उपयोग होतो.

कार्तिकात रात्री साडेसात-आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. भिवंडी शहरात यंत्रमागांच्या व रस्त्यांच्या दिव्यांनी आकाश उजळलेले असते. अनगाव, वज्रेश्वरी या बाजूच्या शाळांना हे अधिक साधेल. खाली ठळक मीनास्य आणि बरीच वर शततारका नक्षत्राची योगतारा दिसते. या दोहोंमध्ये, योगतारेपासून एक तृतीयांश अंतरावर व किंचित उजवीकडे, मुलांना काहीच दिसणार नाही. तेथेच ती त्रयी आहे. ज्योतिःशास्त्रज्ञ तिला ‘ई. झेड. अ‍ॅक्वेरी’ म्हणतात.

तिचे अंतर सुमारे ११ प्रकाशवर्षे. योगतारेचे साडेतीनशेहून अधिक. तरी दूरची दिसते आणि जवळची दिसत नाही! कारण हे तिन्ही तांबडे लघुतारे आहेत. प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक दशांश, आणि तिघांचा मिळून डोळ्यांना दिसणारा प्रकाश सूर्याच्या एक हजारांशही भरत नाही. त्यांपैकी दोघे एकमेकांभोवती अवघ्या पावणेचार दिवसांत फिरतात. तिसऱ्यास या जोडीभोवतीच्या फेरीस सव्वादोन वर्षे लागतात. रोहिणीही तांबूस दिसते, परंतु ती सूर्याच्या चाळीसपट व्यासाची राक्षसी तारा आहे. रंगावरून आकार ठरवू नये, हे येथेच सांगून टाकावे.

लघुतारा आपले इंधन फार काटकसरीने जाळतो. शिवाय त्याच्या पोटातील वायू सतत ढवळला जात असल्याने जवळजवळ सर्व हायड्रोजन उपयोगी पडतो. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षे, तर यांचे काही लाख कोटी. विश्वाचे वयच सुमारे १,३८० कोटी वर्षे असल्याने असा एकही तारा अद्याप म्हातारा झालेला नाही.

प्रयोगास खर्च नाही. काळोख पडल्यावर एका मुलाने पेटती उदबत्ती घेऊन वीस पावलांवर उभे राहावे. मैदानापलीकडे विजेचा दिवा असावा. जवळचे कोणते व ठळक कोणते, हे मुलांनी आधी वहीत लिहावे आणि मग पावलांनी अंतर मोजून पाहावे. उदबत्तीचे टोक तांबडे का, हा प्रश्न बहुधा एखादे मूल आपण होऊन विचारील. दिव्याच्या तारेहून ते कमी तापलेले असते, आणि लघुताऱ्यांचेही तसेच आहे.