पंचकोनाची रांगोळी आणि तीन प्रश्नचिन्हं

प्रश्न : विज्ञान पुराव्यावर चालतं, असं आम्हाला शिकवतात. मग शास्त्रज्ञही पोथीनिष्ठ असू शकतात का?
(बारावीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : असू शकतात, आणि अगदी थोर शास्त्रज्ञही. एक उदाहरण सांगतो, पण आधी अंगणात चला.

ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढली असेलच. ठिपके सरळ ओळींत मांडले की चौकोन जुळतात, एकाआड एक मांडले की षटकोन. पण सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे पंचकोन एकाला एक चिकटवत नेले, तर थोड्याच वेळात मध्ये फटी पडतात. स्फटिकातल्या अणूंचंही तसंच, असं पुस्तकं सांगत. तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते तो स्फटिक. म्हणून त्यात दोन, तीन, चार किंवा सहाची सममिती चालेल, पाचाची आणि दहाची कदापि नाही.

८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेख्टमन हे इस्रायली संशोधक अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक मिश्रधातू पाहत होते. अॅल्युमिनियम आणि मँगेनीज, वितळवून झटक्यात थंड केलेले. चित्रात मधल्या ठिपक्याभोवती गोल कडं करून तेजस्वी ठिपके उमटले होते. त्यांनी मोजले : दहा. वहीत त्यांनी दहाचा आकडा लिहिला आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली.

त्यांच्या गटप्रमुखांनी त्यांच्या टेबलावर स्फटिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आणून ठेवलं, आणि पुढे गटातून बाहेर पडायला सांगितलं, असं शेख्टमन यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. पहिला शोधनिबंध एका नियतकालिकानं परत पाठवला. तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध छापून यायला नोव्हेंबर १९८४ उजाडला.

सुरुवातीच्या शंकेला मी पोथीनिष्ठा म्हणणार नाही. साधे स्फटिक विशिष्ट कोनात एकमेकांना जोडलेले असतील, म्हणजे जुळे असतील, तर अशी फसवी चित्रं खरोखर मिळतात. शेख्टमन यांनी स्वतः आधी तीच शक्यता तपासली होती, आणि जुळे स्फटिक त्यांना सापडले नव्हते. लायनस पॉलिंग मात्र जुळ्या स्फटिकांवरच अडून बसले. हे साधेसुधे गृहस्थ नव्हेत : रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेले, रासायनिक बंध जगाला समजावून देणारे. स्फटिकशास्त्रज्ञांचा भरवसा होता क्ष-किरणांवर. १९८७ मध्ये फ्रान्स आणि जपानमधल्या संशोधकांनी मोठे नमुने बनवले, क्ष-किरणांनी तपासले, आणि तीच सममिती दिसली. बहुतेकांना ते पटलं. पॉलिंग यांना पटलं नाही. १९९४ मध्ये ते गेले, तोवर नाहीच. पोथीनिष्ठा म्हणतात ती ही, आणि इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीत ती पाहताना वाईट वाटतं.

गंमत अशी की पुस्तकातलं गणित चुकलेलंच नव्हतं. पुनरावृत्ती असेल तर पाचाची सममिती अशक्य, हे आजही खरं आहे. चुकलं होतं ते त्यामागचं गृहीतक : शिस्त म्हणजे पुनरावृत्तीच. रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकातच दोन आकारांच्या फरश्यांनी, एकही फट न ठेवता, कितीही मोठी जमीन भरून दाखवली होती. त्या नक्षीत पाचाची शिस्त आहे, पण ती ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत नाही. अणू असंच काही करत असतील, हे फार थोड्यांच्या मनात आलं.

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघानं स्फटिकाची व्याख्याच बदलली आणि पुनरावृत्तीची अट काढून टाकली. शेख्टमन यांना २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमच्या प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग पुस्तकाशी जुळलं नाही, तर ते खोडून शेजारणीच्या जर्नलमधलं उतरवू नका. पुन्हा मोजा. तरीही तेच आलं, तर तसंच लिहा, पुढे प्रश्नचिन्ह काढा आणि सरांना दाखवा.