झाड माझं, मग परवानगी कशाला?

पुष्कळ शेतकरी विचारतात, "रान माझं, झाड माझं. मग तोडायला परवानगी कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर समजून घेऊ या.

झाड आपले असते, पण त्याचा उपयोग साऱ्या गावाला होतो. डोंगरउतारावर मुळ्या माती धरून ठेवतात. पाणी जमिनीत मुरते. उतार उघडा पडला की माती वाहते, लोंढा खाली येतो. 2013 सालच्या जूनमध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीला तसाच लोंढा आला. तिथे डोंगर फोडला होता, पाण्याच्या वाटा बुजवल्या होत्या. पाणी हमरस्त्यावर आले. एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या.

म्हणून झाडतोडीला कायदा आहे. खेड्यांसाठी 1964 चा, शहरांसाठी 1975 चा. कात्रज आता पुणे महानगरपालिकेत आहे. तेथे महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा. खेड्यात वन खात्याच्या कचेरीत विचारावे. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, मोह, साग, खैर ही झाडे 1964 च्या कायद्याच्या यादीत आहेत. झाड वाळले असेल, घरावर पडण्याची भीती असेल, तर तसे अर्जात लिहावे.

लाकडाचा व्यापारी म्हणेल, "परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा." तसे करू नका. परवानगीचा कागद मागा. कोणती झाडे, किती झाडे, कोणता गट नंबर, ते स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. मगच कुऱ्हाडीला हात घाला.