साहेब आधी वर्ग घेतात का?

प्रश्न : परदेशी विद्यापीठं आणि आपल्याकडच्या संस्था मिळून शाळांवर संशोधन करतात. त्यात शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण? आमच्या वाट्याला नुसते तक्ते भरणंच का?
– एक शिक्षिका, कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना)

उत्तर : बऱ्याचदा तसंच होतं. तक्ते तुम्ही भरायचे, निबंधावर नाव दुसऱ्याचं. पण थोडं वेगळं घडल्याचं उदाहरण मुंबईतच आहे.

माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृती अर्थतज्ज्ञांनी 2001 ते 2003 या काळात मुंबई-बडोद्यात हा उपक्रम तपासला. फरक मोजायची रीत त्यांची, पण मूल कुठे अडतं याची जाण इथल्या माणसांची. 2019 मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखींची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत, आणि हे मला खटकतं.

तुमच्या प्रश्नाला जास्त लागू पडतो तो याच मंडळींचा हरियाणातला 2012-13 चा प्रयोग. त्याआधी बिहारमध्ये शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन पाहिलं होतं, त्याने काही हललं नाही. हरियाणात शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्यांनाच (आपल्याकडचे केंद्रप्रमुख समजा) आधी पंधरा-वीस दिवस रोज दोन तास वर्ग घ्यायला लावला. एकेका मुलाला जवळ बसवायचं, अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट छापलेला कागद पुढे धरायचा आणि जिथे गाडी अडेल त्या गटात त्याला घालायचं. हे स्वतः केल्यावरच शिक्षकांना सांगायला जायचं. मुलांच्या हिंदीत फरक दिसला. वर्ग घेऊन आलेल्या साहेबाचं शिक्षकही ऐकतात, यात नवल ते काय!

आणि ज्ञान नेहमी विलायतेहूनच येतं असंही नाही. गावोगाव घरोघर जाऊन मुलांचं वाचन तपासणारी ‘असर’ पाहणी 2005 मध्ये आपल्याकडे सुरू झाली. तिच्यावरूनच पुढे केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ उभी राहिली.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेत कुणी तक्ते घेऊन आलं, की विचारा : तुम्ही स्वतः किती दिवस वर्ग घेणार? अहवाल मराठीत शाळेला मिळणार का? आणि त्यात आमचं नाव कुठे येणार? उत्तरं लेखी घ्या.