रिपोर्ट नॉर्मल, दुखणं कायम

पाळीच्या दिवसांत संडासला बसलं की सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. घरातल्या बायका म्हणत, ‘लगीन झाल्यावर ह्यां आपसूक जाता.’ लग्न झालं, कळ राहिली. पोटावरून सोनोग्राफी झाली; गर्भाशय, अंडाशय, सगळं नॉर्मल. त्या एका शब्दावर सगळ्यांच्या लेखी माझं दुखणं संपलं.

पुढे कळलं, हा एंडोमेट्रिओसिस; पाळीच्या वयातल्या दहा बायकांमागे साधारण एकीला तो असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भाशयामागे, आतड्यावर वाढतात. पोटावरून फिरवलेल्या प्रोबला अंडाशयातली मोठी गाठ दिसते, पण मागच्या खोल जागा बहुधा निसटतात. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, म्हणजे टीव्हीएस, त्या जागा जवळून बघते. गर्भाशय आणि गुदाशय एकमेकांवर मोकळे सरकतात की चिकटलेत, हेही तेव्हाच कळतं. अर्थात बघणाऱ्याला ते शोधायचं माहीत हवं. माझं निदान गोव्यात असंच झालं: अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ, जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, आणि मागे चिकटलेलं आतडं. प्रोब एका जागी टेकवून डॉक्टरबाईंनी विचारलं, “इथेच दुखतं ना?” तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

त्यानंतर एमआरआय केला, तो सोनोग्राफी कमी पडली म्हणून नव्हे. आतडं आणि मूत्रवाहिनी किती गुंतलीय, हे शस्त्रक्रियेआधी सर्जनना बघायचं होतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, खर्च मात्र बराच. सीटी स्कॅन या आजाराच्या निदानाला फारसा उपयोगाचा नाही.

लग्न न झालेल्या मुलींची टीव्हीएस सहसा करत नाहीत. त्यांच्यासाठी एमआरआय आहे, गुदमार्गातून सोनोग्राफीही होते. ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ म्हणून पोटावरच्या सोनोग्राफीवरच थांबणं हा त्या पोरीवर अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

आणि टीव्हीएस, एमआरआय दोन्ही नॉर्मल आले तरी आजार नाहीच, असं ठरत नाही. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे उथळ डाग दोन्हींतून निसटू शकतात. ‘एश्री’ या युरोपीय संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. पूर्वी पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. आता तपासण्यांत काही दिसत नसेल किंवा औषधांनी गुण येत नसेल, तेव्हाच दुर्बीण वापरावी, असं त्यांचं म्हणणं आहे. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

अशा तपासणीसाठी मालवणहून गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, रोजंदारीवालीची मजुरी बुडते. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: ‘एंडोमेट्रिओसिसची शंका, गर्भाशयामागची जागा आणि आतडं पाहावं.’ या तपासणीचा अनुभव असलेले डॉक्टर त्या सेंटरवर कोणत्या वारी असतात, ते फोन करून विचारा. जुने रिपोर्ट बरोबर न्या. संडासला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही सांगा, लाजू नका.