छातीत पाणी झालंय म्हणाले, तर जुन्या कामाचंही सांग

अगं, ‘छातीत पाणी झालंय’ असं डॉक्टर म्हणाले की आपल्याकडे पुढचा शब्द टीबी असतो, आणि पुष्कळदा तो बरोबरच निघतो. म्हणून आधीच सांगून ठेवते. मी ज्या दुखण्याबद्दल बोलणार आहे ते फार विरळा आहे. घरात कुणाच्या टीबीच्या गोळ्या चालू असतील, तर माझं ऐकून त्यातली एकही बंद करायची नाही.

या दुखण्याचं नाव मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवती पातळ आवरण असतं, तसंच पोटात आतड्यांभोवतीही असतं. त्या आवरणाचा हा कॅन्सर. त्याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉसची धूळ. डोळ्यांना न दिसणारे बारीक धागे श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. मग 20 ते 50 वर्षं काहीच होत नाही. माणूस कामावरून निवृत्त होतो, गावी परततो, नातवंडं खेळवतो, आणि एके दिवशी जिना चढताना धाप लागते. तोवर तो कारखाना कुणाच्या ध्यानातही उरलेला नसतो.

आता हे परतूरला बसून मी का सांगतेय? 1972 चा दुष्काळ आठव, निदान थोरांकडून ऐकलेला तरी. आपल्या मराठवाड्यातली किती पोरं तेव्हा मनमाडकडची गाडी धरून मुंबईला गेली. तेव्हाचा वीस वर्षांचा पोरगा आज सत्तरीच्या पुढे आहे. हे दुखणं नेमकं त्याच वयात जास्त दिसतं. त्यातला कोण कुठल्या कामाला लागला, हे घरातल्यांनाही धड माहीत नसतं. ‘मुंबईला कंपनीत होते’ एवढंच आपण सांगतो.

तर त्यांना विचार. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे किंवा पाइप बनायचे तिथे होते का? गाड्यांचे ब्रेक लायनर? गिरणीच्या बॉयलरवर, वाफेच्या पाइपांवर पांढरा लेप चढवायला? मुंबईच्या दारुखान्यात जुनी जहाजं तोडायला? परळीसारख्या औष्णिक वीज केंद्रात? जालन्याच्या एखाद्या भट्टीपाशी उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉसचा दोर किंवा कापड वापरलं का? अंगावरची पांढरी धूळ त्यांना पक्की आठवेल.

आणि बायकांना विचारायला विसरू नकोस. नवऱ्याचे कामाचे कपडे कोण झटकत होतं, कोण धूत होतं? कारखान्याची पायरीही न चढलेल्या बायकांना या कपड्यांवरच्या धुळीने हा आजार झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. 1960 साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 33 रुग्णांची माहिती छापली, तेव्हाच दिसलं होतं की त्यातले काही जण ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधी उतरलेच नव्हते. लहानपणी खाणीजवळ राहिले होते, एवढंच. आणि ‘ते बिडीसुद्धा ओढत नव्हते’ हा दिलासा इथे कामाचा नाही. मेसोथेलिओमा बिडी-सिगारेटने होत नाही. ॲस्बेस्टॉस आणि बिडी एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र खूप वाढतो.

लक्षणं कशी ओळखायची? खरं सांगू, एकट्या लक्षणांवरून कुणालाच ओळखता येत नाही. हळूहळू वाढणारी धाप, पाणी बहुधा एकाच बाजूला. त्याच बाजूला छातीत जडपणा किंवा बोथट दुखणं, कधी ते खांद्यापर्यंत जातं. कोरडा खोकला, रात्रीचा घाम, भूक मरणं, वजन उतरणं. हे सगळं टीबीतही होतं. पोटातला प्रकार असेल तर पोट फुगतं, हातपाय वाळतात, आणि लोक लगेच दारूवर किंवा लिव्हरवर ढकलून मोकळे होतात.

म्हणून लक्षणांपेक्षा दुखण्याच्या वागण्याकडे बघ. पाणी काढलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा भरलं, पाणी लालसर निघालं, तपासण्यांत टीबी सापडत नाही, गोळ्या दीड-दोन महिने चालूनही धाप आणि वजन सुधारत नाही, आणि त्यात ॲस्बेस्टॉसचं काम झालेलं असेल, तर गप्प बसू नकोस. डॉक्टरांना सरळ विचार, ‘साहेब, सीटी स्कॅन आणि आवरणाचा तुकडा तपासायची गरज आहे का?’ नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा कॅन्सर पुष्कळदा सापडत नाही. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो आणि त्यावर खास तपासण्या कराव्या लागतात. तालुक्याला हे होणार नाही. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहेच. जाण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं आरोग्यमित्राकडे विचार, म्हणजे पैशांवाचून पाऊल अडणार नाही.

बरं होतं का, म्हणशील. खोटं सांगत नाही, बहुतेकांचं पूर्ण बरं होत नाही, आणि पुष्कळांना निदानानंतर वर्ष-दीड वर्षच मिळतं. तरीही निदान व्हायला हवं. पाणी पुन्हा भरू नये म्हणून उपाय आहेत, दुखणं आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत, केमोथेरपी आणि इम्युनोथेरपीने काहींचे महिने वाढतात. चुकीच्या गोळ्या खात धापा टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरं कारण हक्काचं. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. 27 जानेवारी 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिरा असेल तोवर जपा. किती जणांनी जपल्या, देव जाणे. मुंबईतल्या अशाच एका कारखान्यातल्या 181 कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली, तेव्हा 41 जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. तो कॅन्सर नव्हे, फुप्फुस घट्ट होण्याचा आजार. पण धूळ तीच. म्हणून त्या कामाचा पुरावा ठरेल असं जुनं ईएसआय कार्ड, पीएफची चिठ्ठी, युनियनची पावती, काहीही सापडलं तर रद्दीत घालू नकोस.

डोक्यावरच्या ॲस्बेस्टॉस-सिमेंट पत्र्याला घाबरून रात्र जागू नकोस. धड, अखंड पत्रा तसा धूळ सोडत नाही. पण तो करवतीने कापायचा नाही, फोडायचा नाही, तुकडे अंगणात कुटून भरावाला टाकायचे नाहीत. पोरांना त्यावर खेळू द्यायचं नाही. बदलताना पाणी मारून ओला कर आणि अख्खाच उतरवून घे.

आणि आजच संध्याकाळी सासऱ्यांपाशी बस. वयाच्या पंधराव्या वर्षापासून कुठल्या गावी, कुठल्या कारखान्यात, काय काम केलं, हे त्यांच्या तोंडून एका कागदावर लिहून घे. दवाखान्याच्या फाइलीत तो कागद सगळ्यात वर लाव, कारण गर्दीच्या ओपीडीत हे विचारायला कुणालाच वेळ नसतो.