इंग्रजी कठीण शब्दांचा अभ्यास

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ तरुण शाळेत इंग्रजी शिकून बाहेर पडतात. परंतु एखादे इंग्रजी वर्तमानपत्र हाती घेतले आणि पहिल्याच स्तंभात चार-पाच अपरिचित शब्द भेटले, की ते पत्र खाली ठेवितात. दुसरे काही असे आहेत की ते शब्दकोश उघडून पहिल्या पानापासून पाठ करू लागतात, आणि आठवड्याभरात कंटाळतात. या दोघांकरिताही हा पाठ आम्ही लिहीत आहो.

आरंभी आमच्याच एका चुकीची हकीकत सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका होतकरू तरुणास नोकरीकरिता शिफारसपत्र पाहिजे होते. तो सेवातत्पर आहे असे आम्हांस लिहावयाचे होते. घरी एक जुना कोश होता. त्यात ‘ऑफिशियस’ या शब्दाचा अर्थ ‘सेवा करण्यास तत्पर’ असा दिलेला होता. शब्द भारदस्त वाटला, म्हणून तोच घातला. पुढे कळले की, पत्र वाचणारे गृहस्थ हसले व म्हणाले, ‘ज्याची तक्रार करावयाची त्याचीच शिफारस हे का करितात?’ कारण हल्ली त्या शब्दाचा अर्थ ‘न विचारता लुडबुड करणारा’ असा होतो. कोशाने लबाडी केली नव्हती. अठराव्या शतकात तो अर्थही चालत असे. परंतु शब्द बदलला आणि कोश तसाच राहिला. त्या तरुणास ती जागा मिळाली नाही, आणि ते आम्हांस अद्याप लागून आहे.

ज्यांस इंग्रजी शास्त्र वाचण्याची सवय आहे त्यांनी तर याविषयी फारच जपले पाहिजे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या भाषांतरात थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (4:15) ‘प्रिव्हेंट’ हा शब्द आहे. आज त्याचा अर्थ ‘अडविणे’. तेथे मात्र ‘आधी जाणे’ असा आहे. रोमकरांस पत्रात (1:13) ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’ नव्हे, तर उलट ‘अडविणे’. फिलिप्पैकरांस पत्रात (4:6) ‘केअरफुल’ म्हणजे ‘सावध’ नव्हे, ‘चिंताक्रांत’. कोणी उपदेशक त्या वचनावरून ‘कशाविषयीही सावध राहू नका’ असा बोध करू लागला, तर मंडळीची काय दशा होईल! मराठी शास्त्र शेजारी उघडे ठेवावे, म्हणजे असा घोटाळा टळतो.

आता कठीण शब्द शिकावे कसे, हे पाहू. इंग्रजीतील लांब शब्दांपैकी बहुतेक लॅटिन व ग्रीक या भाषांतून आलेले आहेत, आणि त्यांची रचना आम्हां मराठी लोकांस परकी नाही. ‘हार’ या एका शब्दास उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे निरनिराळे शब्द होतात, हे आपण लहानपणी शिकलो. तीच रीत तिकडे आहे. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ या धातूचा अर्थ वाहून नेणे. ‘इम्पोर्ट’ म्हणजे माल आत आणणे, ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे बाहेर पाठविणे, ‘ट्रान्स्पोर्ट’ म्हणजे पलीकडे नेणे. आणि स्टेशनावरचा ‘पोर्टर’ हा ओझे वाहणारा. एक धातू ओळखला की चार शब्द आपोआप कळतात.

इतकेच नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी जुनी सोयरीकही सापडते. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यातील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. ‘डेंटिस्ट’ यातील ‘डेंट’ आणि आपला ‘दंत’, ‘मॉर्टल’ आणि ‘मर्त्य’, ‘पेडल’ यातील ‘पेड’ आणि ‘पद’ हे एकाच कुळातील होत. देवघेव अलीकडेही झाली आहे: इंग्रजीतील ‘मंगूस’ हा आपला मुंगूसच!

तथापि उपसर्गावर आंधळा विश्वास ठेवू नये. ‘इन’ लागला की नकार झाला, असे शाळेत सांगतात. पण पेट्रोलच्या टाकीवर ‘इन्फ्लॅमेबल’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा कोणी घेतला तर प्राणाशी गाठ आहे. तेथे ‘इन’ नकारार्थी नाही; त्या शब्दाचा अर्थ ‘भडकन पेट घेणारे’ असाच आहे. तसेच ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमोल. एका स्वराचाही फरक मोठा असतो. वैद्य औषध ‘प्रिस्क्राइब’ करितो, म्हणजे घेण्यास सांगतो. ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे बंदी घालणे. रोम शहरात सुल्ला याने इ. स. पू. 82 मध्ये आपल्या शत्रूंची नावे लिहून चव्हाट्यावर लाविली व त्यांस वधास पात्र ठरविले. त्या प्रकारावरून हा दुसरा शब्द प्रचारात आला.

अभ्यासाची रीत साधी आहे. एक वही करावी. दिवसाला पाचांहून अधिक शब्द घेऊ नयेत. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य संपूर्ण उतरून घ्यावे. नुसता अर्थ लिहून ठेवणे म्हणजे माणसाचे नाव लिहून गाव न लिहिणे. कोश होईल तितका नवा पाहावा. एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखविले की, पाठ केलेले बहुतेक पहिल्या एकदोन दिवसांतच विसरते. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने वही पुन्हा चाळावी. आणि पत्र लिहिताना सोपा शब्द मिळत असेल तर कठीण घालू नये. कठीण शब्द समजण्याकरिता शिकावे, मिरविण्याकरिता नव्हे. ही गोष्ट आम्ही वरील शिफारसपत्राची किंमत देऊन शिकलो.

या आठवड्यास एकच धातू देतो. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे. आपल्या संस्कृतात हेराला ‘स्पश’ म्हणत, तो याचाच भाऊबंद. ‘इन’ म्हणजे आत, ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘रेट्रो’ म्हणजे मागे, ‘सर्कम’ म्हणजे सभोवार. आता इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, सर्कम्स्पेक्ट या चारांचे अर्थ आधी स्वतः योजून वहीत लिहावे, आणि मगच कोश उघडावा.