ध्वनींत सांठविलेला खेळ

संगणकावरील खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु त्या खेळांच्या जुन्या साधनांपासून शिकण्यासारखेंही बरेंच आहे, हें आम्ही एका उदाहरणानें दाखवूं इच्छितों.

इंग्लंडांतील सिंक्लेअर कंपनीनें १९८२ सालीं 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा लहानसा संगणक विक्रीस आणला. १९८६ च्या सुमारास त्याचीच एक आवृत्ति, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', आपल्या पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन बाजारांत आणली. तिला स्वतःचा पडदा नसे. घरचा टीव्ही जोडावा लागे. खेळ असे साध्या कॅसेटवर, व ती वाजविण्यास टेपरेकॉर्डर लागे.

त्या कॅसेटवर असे काय? केवळ ध्वनि! संगणकाचा सर्व व्यवहार शून्य व एक या दोन अंकांनीं चालतो. शून्यासाठीं आखूड लहर, व एकासाठीं तिच्या दुप्पट लांबीची. या लहरी मोजून संगणक खेळ आपल्या स्मरणांत उतरवून घेई. मोठ्या खेळास पांचेक मिनिटें लागत. टेपरेकॉर्डरचें हेड किंचित् तिरपें असलें, तरी लहरी अस्पष्ट होत आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागे.

कॅसेटवरील चुंबकीय लेप काळानें खराब होतो, तीस बुरशीही लागते. मात्र तिचा ध्वनि वेळींच उतरवून घेतला, तर आजच्या मोबाइलमधून तोच ध्वनि तारेनें जुन्या यंत्रास ऐकवितां येतो, व खेळ पुन्हा सुरू होतो.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, माळ्यावर अशी कॅसेट सांपडल्यास ती भंगारांत जाऊं देऊं नका. पालकांसही आमची हीच विनंति आहे.